पाय न टेकता

भाच्या, परवा फोनवर म्हणालास, "मामा, बाबांची मोटारसायकल घेऊनच येतो. साक्रीहून पहाटे निघालो तर जेवायला सुरतला, पर्वत पाटियाला." लायसन्सचं विचारलं तर, "ते सुरतला काढू की!" शेजारी तुझी आई होती, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. बहिणीच्या जिवाला उगाच घोर कशाला? आता तिच्या माघारी लिहितोय. आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला रागवत नाही. तेव्हा हे सगळं पाया पडून सांगितलंय असंच समज.

गाडी चालवत आणायची नाही. कोंडाईबारीच्या घाटात भरलेले ट्रक वर चढताना माणसाच्या चालीने चढतात, आणि त्यांच्या मागे कंटाळलेला पोरगा वळणावर बाहेर काढतो. पुढचं तुला सांगायला नको, साक्री तालुक्यात वाढलास. त्यात लायसन्स नाही. कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी जखमीला पैसे देईल, पण नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायला येईल. मालक म्हणजे तुझे बाबा. त्यापेक्षा कांदा भरून येणाऱ्या ट्रकात गाडी टाक. सरदार मार्केटला उतरली की तिथून घर फार लांब नाही. मी आणतो.

गाडी एमएच १८ आहे, हे विसरू नकोस. दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी धुळ्याच्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि इथला टॅक्स भरावा लागतो. लिंबायत, डिंडोली, गोडादरा कुठेही फिर, गावाकडच्या एमएच १८, १९ आणि ३९ च्या गाड्या दिसतात, आणि त्यातल्या कितीतरी वर्षानुवर्षं तशाच फिरतायत. "कोण विचारतं?" हे मी पुष्कळ ऐकलंय. विचारतात. नेमकं तेव्हाच, जेव्हा इथे कामाला लागल्यावर तुझ्या शेठचा माल पोचवायचा असतो. बाबांना सांग, येण्याआधीच ना-हरकतीचा अर्ज टाका. विम्याची तारीखही बघून ठेव. जुन्या गाडीचा विमा संपलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

आता लायसन्स. आधी ठरव, तू कुठला? आधारवर साक्रीचा पत्ता आणि राहणं इथे, असं ठेवलंस की दोन्हीकडून हेलपाटे. लायसन्स तू राहतोस किंवा कामधंदा करतोस त्या राज्यात काढायचं असतं. मी म्हणतो, भाडेकरार करून आधारवरचा पत्ता बदल, मगच अर्जाला हात घाल. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. स्टेशनला ते शोभतं, माणसाच्या कागदांना नाही. आणि नावाकडे बारीक लक्ष दे. इथे सवयीने नावाला 'भाई' चिकटतं. आपल्या गल्लीतल्या एकाच्या एका कागदावर 'भाई' होतं, दुसऱ्यावर नव्हतं, आणि दोन्ही माणसं एकच आहेत हे पटवण्यात त्याचा आठवडा गेला. अर्ज तू स्वतः परिवहनच्या सारथी पोर्टलवर भर. एजंट काय करतो? तुझ्याच फोनवर आलेला ओटीपी तुलाच विचारतो. सरकारी फी काही शेकड्यांत आटोपते, बाकीचे पैसे तुझ्या आळसाचे.

अर्जात गाडीचा प्रकार निवडताना 'गिअरवाली मोटारसायकल' निवड. कितीतरी पोरं मित्राची ॲक्टिव्हा नेऊन बिनगिअरचं लायसन्स काढतात, सोपं पडतं म्हणून. मग स्प्लेंडर चालवताना पकडलं की खिशात लायसन्स असून नसल्यासारखं.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, १५ प्रश्न. गुजरातने २०१९ मध्ये हे काम आरटीओतून आयटीआयकडे दिलं, तेव्हा आपल्या भागातल्या पोरांनी आयटीआयची पायरी पहिल्यांदा पाहिली, काहींनी शेवटचीही. गुजराती अजून येत नसेल तर हिंदी निवड. प्रश्न अवघड नसतात, चिन्हं गोंधळात टाकतात. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

शिकाऊ लायसन्स हातात पडलं की सहा महिन्यांची मुदत, पण पक्क्या परीक्षेला ३० दिवसांच्या आत बसता येत नाही. पोरांना हे ३० दिवस अडचण वाटतात. मला वाटतं सरकारने कधी नव्हे तो शहाणपणा केलाय. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लाव, आणि त्या काळात मागे कुणाला बसवायचं नाही. मित्राला नाही, आईलाही नाही. शिकवणारा लायसन्सवाला असेल तर तेवढाच.

या महिन्यात काय शिकायचं? तू म्हणशील, वेग. वेग कुणालाही येतो, हँडल पिळलं की येतो. गाडी हळू चालवणं येत नाही. मी तीस वर्षं मार्केटात उघराणी, म्हणजे उधारीची वसुली, केली. रिंगरोड, सहारा दरवाजा, पुणा-कुंभारिया रोड, दिवसाला चाळीस दुकानं. सगळा जन्म पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेला. चौथ्यात गाडी टाकली ती दिवाळीला गावी जाताना.

पालच्या आरटीओत, तापीपलीकडे, टेस्टचा ट्रॅक आहे. कॅमेरे आणि सेन्सर बघतात. ओळखीचा साहेब असून काही उपयोग नाही. मोटारसायकलवाल्याला वळणावळणाच्या पट्ट्यातून जायचं असतं आणि पाय टेकला की नापास. तिथे पडणारी पोरं भित्री नसतात. ती वर्षभर बेधडक चालवत आलेली असतात, आणि हळू जायची वेळ आली की पाय आपोआप खाली येतो.

म्हणून हे कर. आपल्याकडे टीपीचे, म्हणजे टाउन प्लॅनिंगचे, नवे रस्ते आहेत, बिल्डिंगा अजून उठायच्यात. पहाटे साडेपाचला तिथे कुत्रीही झोपलेली असतात. आठ विटा घे आणि गाडीच्या दोन लांबी अंतरावर मांड. पहिला गिअर. क्लच अर्धा, म्हणजे गाडी जिथे ओढ घ्यायला लागते तिथेच धरून ठेवायचा. ती जागा प्रत्येक गाडीची वेगळी असते, बोटांना सापडली पाहिजे. ॲक्सिलरेटर हलत नाही इतका थोडा. आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, दाबून नाही, नुसता टेकवून. वेग कमी करायचा तो या पायाने. एंजिनाची ओढ आणि ब्रेक एकमेकांना किंचित ताणून धरतात तेव्हा गाडी उभी राहिल्यासारखी स्थिर चालते. हळू जाताना पुढचा ब्रेक हातात घ्यायचा नाही, हँडल वळलेलं असेल तर मुळीच नाही; गाडी खाली बसते आणि तू तिच्याखाली.

नजर हे दुसरं. विटेकडे बघितलंस की चाक विटेवर जातं. गाडी डोळ्यांमागून येते. एका विटेजवळ पोचलास की मान वळवून पुढच्या विटेपलीकडे बघ. पहिले चार दिवस मान वळणार नाही, भीतीने ताठ राहते. पाचव्या दिवशी वळेल.

आठ विटा पार झाल्या की मग सरळ रस्त्यावर ब्रेक शिक. गावाकडे सांगतात, पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, आणि त्या भीतीने जन्मभर फक्त मागच्या ब्रेकवर चालवतात. चूक. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. सरळ चालीत दोन्ही एकत्र, आणि पुढचा झटक्याने नाही, ओला टॉवेल पिळतो तसा हळूहळू घट्ट. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि खालच्यांना जोड-ब्रेक सक्तीचा झाला. बाबांची गाडी त्याआधीची, तिच्यात यातलं काही नाही. तुझी बोटं हाच तिचा एबीएस.

मग आपला परिसर. पाटिया म्हणजे गावाची पाटी, हायवेवर पर्वत गावाकडे वळायची खूण. पूर्वी तिथे उतरून लोक चालत आत जायचे. आता त्या नाक्यावर बारडोलीकडचे ट्रक, साड्यांच्या गाठी भरलेले छोटे हत्ती, रिक्षा, बीआरटीएस आणि आपण, सगळे एकदम. टेम्पोच्या डाव्या बाजूने घुसू नकोस. मागे गाठी छतापर्यंत असतात, ड्रायव्हरला आरशात फक्त साड्या दिसतात. ज्या ड्रायव्हरचा गाल फुगलेला असेल त्याच्या बाजूने तर कधीच नाही. मावा तोंडात आहे, आणि तो केव्हाही दार उघडेल किंवा मान बाहेर काढेल. हसू नकोस, माझे दोन शर्ट गेलेत. बीआरटीएसची लेन मोकळी दिसते, तिचा मोह टाळ. आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे अन् लोखंडी प्लेटा ओल्या झाल्या की साबण होतात. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. सरळ जायचं, श्वास धरून.

पावसात खाडी भरते तेव्हा पर्वत, गोडादरा, लिंबायतमध्ये पाणी येतं. गरनाळ्यात, म्हणजे पुलाखालच्या वाटेत, पाणी साठलं असेल तर समोरचा गेला म्हणून तू जाऊ नकोस. त्याची गाडी उंच असेल किंवा तो मूर्ख असेल. अडकलास आणि एंजिन बंद पडलं, तर पाण्यातच किक मारत बसू नकोस. सायलेन्सरमधून पाणी आत गेलेलं असतं, एंजिनाचं काम निघतं. ढकलत बाहेर काढ, प्लग काढून मगच किक मार.

संक्रांत इथे उत्तरायण असते, १४ आणि १५ जानेवारी. गावाकडचा तिळगूळ विसर, इथे गळ्याला मांजा लागतो. हँडलवर तारेची कमान लावून घे, डिसेंबरातच, जानेवारीत भाव चढतात. गळ्याला रुमाल जाड बांध. त्या दिवसांत पोलीस दुचाकींना उड्डाणपुलांवरून जाऊ देत नाहीत. पुलाखालून जा, वाद घालू नकोस.

हेल्मेटचं माझ्याकडून ऐकताना कंटाळशील, म्हणून एक गंमत सांगतो. २०१९ च्या डिसेंबरात सरकारने शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केलं होतं. लोकांनी पेढे वाटले. थोड्याच दिवसांत ते फिरलं आणि पुन्हा सक्ती आली. म्हणजे तेवढे दिवस डोकी शहरात टणक होती आणि हद्द ओलांडल्यावर मऊ, असं काहीतरी. तू आयएसआय छापाचंच घे, रस्त्याकडेच्या ढिगातलं नको. घालून पट्टा आवळ आणि मान जोरात हलव. हेल्मेट गालासकट हललं पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिलं उडून जातं, तू नंतर.

आणखी एक, तुझ्या वयाच्या पोरांसाठी. मागच्या चाकावरची साडीगार्ड काढून टाकू नकोस, गाडी कितीही 'म्हातारी' दिसली तरी. मागच्या चाकाला झाकण असणं नियमातच आहे. साड्यांच्या या शहरात साड्या विकणारेच ती जाळी का काढतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पक्कं लायसन्स मिळाल्यावर तुझी मामी मागे एका बाजूला बसेल तेव्हा पदर कुठे आहे हे आधी विचारायचं, मग गिअर टाकायचा.

शिकवायला मागे मीच बसेन. पण माझं लायसन्स येत्या मार्चला संपतंय. पंचावन्नच्या पुढे एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे तुझ्या विटा मांडण्याआधी माझे डोळे तपासून घ्यायला हवेत, नाहीतर एकमेकांना बेकायदा शिकवत बसू.

ट्रकात चढवण्यापूर्वी टाकीतलं पेट्रोल काढून घे आणि बॅटरीचं कनेक्शन सोड. आरसे काढून कांद्यात नको, पिशवीत ठेव. हँडल लॉक करू नकोस. सरदार मार्केटला उतरवल्यावर मला ती घरापर्यंत ढकलत आणायचीय.