मुंबईला निघालीस ना? मग हे ऐक

"ताई, बाकी कशाचं काही नाही गं, पण त्या गर्दीत मी हरवले तर?" असं विचारलंस ना मला? बघ, देवगडात वाढलेल्या मुलीला असं वाटणारच. आपल्याकडे माणसं एवढी दाटीने दिसतात ती महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेत, नाहीतर गणपतीला चाकरमानी उतरतात तेव्हा. आणि जत्रेत लहानपणी आईने हात इतका घट्ट धरलेला असतो की गर्दी म्हणजे हरवायची जागा, हे डोक्यात पक्कं बसतं. खरं सांगू का, मुंबईत नेमकं उलटं आहे. तिथे जिथे गर्दी आहे तिथे तू सुखरूप आहेस. भ्यायचंच असेल तर रिकाम्या डब्याला भी, रात्रीच्या सुनसान पुलाला भी. एवढं मनात ठेव. बाकीचं सगळं सोयीगैरसोयीचं आहे, आणि ते तुला सहज जमेल.

कणकवलीपर्यंत एसटीनेच जा. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, उगाच खासगी गाडी कशाला करायची? पुढे रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकड. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं. मे महिना आणि गणपतीनंतरचा परतीचा लोंढा, या दोन वेळा टाळ. गणपतीच्या आधल्या आठवड्यात मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या मोकळ्या असतात म्हणा, पण तेव्हा देवगड सोडून जाते असं नुसतं बोललीस तरी आई लाटणं घेऊन मागे लागेल.

उतरायचं कुठे, हे मात्र आधी ठरव. सगळे नुसतं "मुंबईला उतर" म्हणतात, पण मुंबई म्हणजे एक स्टेशन नव्हे. नातेवाईक नवी मुंबईत असतील तर पनवेल, डोंबिवली-कल्याणला असतील तर ठाणं, आणि परळ-लालबागला किंवा लांब विरार-नालासोपाऱ्याला असतील तर दादर. गाडी वेळेवर असली तर सकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत पोचशील. उशीर झालाच तर घाबरू नकोस. सकाळची गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटीच्या दिशेला वाहते, संध्याकाळी उलटी. म्हणजे सकाळी दादरहून विरारकडे किंवा ठाण्याहून डोंबिवलीकडे जायचं असेल तर तू पाण्याच्या उलट पोहतेयस, आणि इथे उलट पोहणंच सोपं. मात्र गर्दीच्या दिशेला जायचं असेल तर सामान घेऊन आठ ते अकराच्या मध्ये लोकलमध्ये शिरू नकोस. वेटिंग रूममध्ये बस, चहा पी.

दादरला एक गोंधळ ठरलेला. आपले काका-मामा तुला जुने नंबर सांगतील, "सेंट्रलच्या एक नंबरला जा." ते आता राहिलं नाही. डिसेंबर २०२३ पासून तिथे सलग नंबर आहेत, वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ पासून १४ पर्यंत. काकांशी वाद घालू नकोस, हो म्हण आणि पाटी बघून चाल.

आता लोकल. इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, फास्ट की स्लो, किती डब्यांची आणि किती मिनिटांत, हे सगळं लिहिलेलं असतं. लेडीज डबा थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर तिरके पट्टे नि बाईचं चित्र असतं, आणि खरं तर ते शोधावंही लागत नाही, बायकांचा घोळका उभा दिसेल तिथे जाऊन उभी राहा. आत शिरल्यावर पुढच्या बाईला नुसतं विचारायचं, "दादर?" तिथे उतरणार असेल तर ती मान हलवेल, म्हणजे उतरायला तिच्या मागे तुझा नंबर लागला. बसलेल्या बाईला "तुम्ही कुठे?" विचारलंस तर ती उतरल्यावर ती जागा तुझी, हा तिथला न लिहिलेला कायदा आहे. मी पहिल्या दिवशी आपल्या सवयीने समोरच्या बाईला "तुमचं गाव कुठलं?" विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, "कुर्ला." आणि गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीला उतरायला म्हणून चढू नकोस हं. दारातल्या विरारच्या बायका तुला उतरूच देणार नाहीत, आणि चूक त्यांची नसते. तासभर उभ्याने जायचं असतं बिचाऱ्यांना.

त्या डब्याला मात्र तू घाबरू नयेस असं मला फार वाटतं. एकदा नीट बघ. पिना-क्लिपांनी भरलेलं हॅंगर घेऊन विकणारी चढते. डबा एवढा गच्च की ती स्वतः दोन पावलंही पुढे जाऊ शकत नाही. मग हॅंगरच जातं, डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, थेट खिडकीशी बसलेल्या बाईपर्यंत. ती सावकाश निवडते, एक क्लिप काढते, परत लावते, दुसरी काढते. मग हॅंगर त्याच वाटेने परत येतं, आणि मागोमाग पन्नासची नोट. सुटे पैसे पुन्हा उलट जातात. आठ-दहा अनोळखी हातांतून, आणि एक रुपया कमी होत नाही. कोणी वाटाणे सोलतंय, कोणी चार्जर शोधतंय, कोणी झोपलंय. तुला चक्कर आली तर याच बायका तुला बसवतील, पाणी देतील आणि वर ओरडतील, "काही खाल्लं नव्हतंस का?" लेडीज स्पेशल ही आख्खी बायकांची गाडी पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी सुरू केली, ती काही उगाच नाही. रात्री उशीर झाला तर पोलीस असलेला लेडीज डबा बघ, आणि तिथेही एकटीच असशील तर पुढच्या स्टेशनला उतरून माणसं असलेल्या डब्यात जा. १३९ आणि ११२ हे नंबर फोनमध्ये घालून ठेव. फोन मात्र दाराशी उभी राहून हातात नाचवू नकोस, बाहेरून फटका मारून पाडतात. पर्स पुढे, पोटाशी.

स्टेशनवर उतरल्यावर पूर्व की पश्चिम? पत्ता घेताना हे आधी विचारून घे. चुकीच्या बाजूला बाहेर पडलीस तर तोच पूल सामान घेऊन पुन्हा चढावा लागतो. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडेच, म्हणजे उपनगरात. त्यापुढे शहरात काळी-पिवळी टॅक्सी. सध्या रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ रुपये, टॅक्सीचं ३१, बेस्टच्या साध्या बसचं १०, आणि लोकलचं अजूनही ५ रुपये. मीटर टाकायला सांग, मराठीतच सांग. आणि आता भुयारी मेट्रोही आहे, आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेली. ती दादर, सिद्धिविनायक, गिरगाव सगळं जोडते. गार असते आणि पाट्या ठळक. लोकलची धास्ती वाटलीच तर पहिला दिवस तिच्यावर काढ.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. बाहेर पडल्यावर बायकांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बाथरूम. ती टाळायला पाणी न पिणं हा उपाय नाही गं, मुंबईच्या दमट उन्हात दुपारी डोकं धरून बसशील. स्वच्छ, मोफत स्वच्छतागृहांसाठी तिथल्या बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली, म्हणजे बघ, लाजायची गोष्ट ही नाहीच. मॉल, मोठं उडपी हॉटेल, म्युझियम, जिथे सोय दिसेल तिथे गरज नसली तरी जाऊन ये. पर्समध्ये सुटे पैसे, पेपर सोप, आणि पॅड, तारीख लांब असली तरी.

नातेवाईकांच्या घरी राहतानाही जरा बघून वाग. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आता वरळीत त्या जागी टॉवर उभे राहून २०२५ मध्ये लोकांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळायला लागल्या आहेत, पण अजून कित्येकांचं घर तेवढंच आहे. आपल्याकडे मागलं दार, पडवी, विहीर. तिथे पाणी ठरल्या वेळेलाच येतं. काकू भल्या सकाळी उठून पिंप भरत असेल तर तूही ऊठ, बादली धर. पसारा बॅगेतच ठेव. आणि त्यांच्या सुरमईला नावं ठेवू नकोस! तुला बंदरावरची ताजी मासळी माहीत आहे, मान्य, पण काकूने ती पैसे मोजून तुझ्यासाठी आणलेली असते.

बघायचं म्हणशील तर एका दिवसात सगळं नको. एक दिवस सीएसएमटीची इमारत, क्रॉफर्ड मार्केट आणि गेटवे, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. एक दिवस भायखळ्याची राणीची बाग, तिथले पेंग्विन आणि लगतचं भाऊ दाजी लाड म्युझियम. हे म्युझियम मला ताजमहाल हॉटेलच्या समोर फोटो काढण्यापेक्षा दहापट आवडतं, १८७२ पासून लोकांसाठी उघडं आहे आणि जुन्या मुंबईची मातीची छोटी छोटी माणसं तिथे काचेमागे उभी आहेत. पोट दादरला भर. क्रॉफर्ड मार्केटात मेमध्ये गेलीस तर पेट्यांवर 'देवगड' लिहिलेलं दिसेल. वास घे, गंमत बघ, आणि विकणाऱ्याशी भांडू नकोस. पावसाळ्यात जोराचा पाऊस नि भरती एकत्र आली तर जिथे असशील तिथेच थांब. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता, तेव्हापासून मुंबईकर हे शिकले आहेत. तू समुद्राकाठची असलीस तरी साठलेल्या पाण्यातून चालू नकोस, खाली उघडं गटार असू शकतं.

अगं हो, सामान राहिलंच. तू निघालीस हे कळलं की वाडीतलं प्रत्येक घर एक पिशवी आणून देईल. कुणाचे नारळ, कुणाची सोलं, कुणाचं खाजं, आणि एखादी आजी हमखास सुके बांगडे, "माझ्या झिलाक दी गो बाये." नाही म्हणता येत नाही, माहीत आहे मला. तर असं कर, पाठीवर एक सॅक आणि हातात एक पिशवी, एवढ्यात बसेल तेवढंच. बांगडे तीन प्लॅस्टिकमध्ये बांध आणि वर डब्यात घाल, नाहीतर आख्खा डबा तुझ्याकडे बघेल. नारळ घेऊच नकोस, ते दादरलाही मिळतात. कुळथाचं पीठ मात्र ने, काकू खूश होईल. दोन किलो. आई पाच किलो बांधायला लागली तर सांग, ताईने दोनच सांगितलंय.