पाठभेद कसा पाहावा?

पूर्णाकाठी सिद्धेश्वरास ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसावे, तो एकाच्या पोथीत एक शब्द आणि शेजारच्याच्या पोथीत दुसरा! मग "खरी पोथी कोणाची?" म्हणून वाद लागतो. आम्ही म्हणतो, वाद कशाला? पोथ्या ताडून पाहाव्यात.

ताडताना ओवीच्या आकड्यावर जाऊ नये. एकीकडे एक ओवी अधिक असली की त्या अध्यायातले पुढचे सारे आकडे सरकतात, आणि भेद नाही तिथेही भेद दिसू लागतो. गीतेचा श्लोक मात्र जागचा हलत नाही. तो धरावा आणि त्याखालच्या ओव्या समोरासमोर लावाव्यात. मग पाहावे: ओवी गळली, वाढली, क्रम बदलला, की नुसता शब्द फिरला? जुना शब्द न कळला म्हणजे नकलणारा सोपा घालतो. तेव्हा सोपा तोच खरा, असे धरू नये.

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) ची. पुढे पाठ बिघडले. श्रीएकनाथमहाराजांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये प्रत शुद्ध केली, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून निराळी प्रत छापली. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

आपल्या पोथीत मात्र खाडाखोड नको. भेद समासात लिहावा, कोणत्या प्रतीतला तेही लिहावे. निवड पुढचाही करील. पण पुसलेले अक्षर त्याला कोठून मिळणार? माउलींचे अक्षर राखणे हीही सेवाच आहे.