सागराचे पंचांग

मृगाचा पाऊस पडला की शेतकरी नांगर धरतो. त्याच्या कामाचे वर्ष पावसाने सुरू होते, हे तुम्ही जाणता. परंतु त्याच पावसाने ज्यांचे काम थांबते, असेही लोक आपल्या महाराष्ट्रात आहेत. ते म्हणजे कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव. नभात काळे मेघ जमू लागले की ते आपल्या होड्या ओढून वाळूवर आणतात, त्यांच्यावर झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालतात आणि जाळी सुकवून घरात ठेवतात. मग समुद्र पुन्हा शांत होईपर्यंत वाट पाहणे, एवढेच त्यांच्या हाती उरते. अशा लोकांचे सणही समुद्राच्या चालीने चालतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण या बंदराच्या गावी आपण वर्षभर राहिलो, तर ही गोष्ट आपल्या सहज ध्यानात येईल.

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोरच लाटांनी वेढलेला सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. चहूंकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिरही तेथे आहे. किल्ल्याच्या साक्षीने या गावाचे सारे उत्सव पार पडतात.

आषाढातला समुद्र पाहिला म्हणजे मनुष्याचा गर्व गळून जातो. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे पाण्याचे डोंगर उचलून किनाऱ्यावर आपटतात. अशा दिवसांत समुद्रावर जाणे किती धोक्याचे असते, याची एक दुःखद आठवण आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' नावाची बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत वादळी वारा व लाटा यांच्या तडाख्याने ती उलटली आणि सहाशेंहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. कित्येक घरांत त्या रात्री माणसांची वाट पाहत दिवे तेवत राहिले असतील. 'पावसाळ्यात दर्याला हात जोडावे, पाय लावू नये,' ही किनाऱ्यावरच्या वृद्धांची शिकवण अशा अनुभवांतूनच आलेली आहे.

पावसाळ्यातील या विसाव्याला आणखीही एक कारण आहे. याच काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात. नद्या डोंगरांवरून गाळ व पोषक द्रव्ये वाहून आणतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि माशांच्या पिलांना भरपूर अन्न मिळते. अशा वेळी जाळे टाकले तर आज एक मासा हाती येईल. पण उद्याचे हजार मासे नाहीसे होतील. म्हणून सध्या दर वर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पूर्वजांनी रूढीने पाळलेला नियम आज कायद्यानेही पाळला जातो.

श्रावण उजाडतो. ऊन-पावसाचा लपंडाव सुरू होतो. वाऱ्याचा जोर हळूहळू ओसरू लागतो आणि श्रावणातील पौर्णिमा येते. हीच नारळी पौर्णिमा. बंदीची मुदत आधी संपली असली तरी पुष्कळ मच्छीमार या दिवसापर्यंत थांबतात आणि सागराची पूजा केल्यावाचून होडी पाण्यात लोटीत नाहीत. त्या दिवशी सायंकाळी मालवणच्या बंदरावर सारा गाव लोटतो. आजोबांचे बोट धरलेली नातवंडे, नवी लुगडी व साड्या नेसलेल्या स्त्रिया, दुकाने बंद करून आलेले व्यापारी, होड्या रंगवून सज्ज झालेले नाखवे, असे सर्वजण तेथे दिसतात. किल्ल्यावरील मानाचा नारळ सागराला अर्पण होतो आणि मग बंदरावरील नारळ लाटांवर तरंगू लागतात.

त्या वेळी एखादा वडीलधारा पुढे होऊन गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मांडलेली सर्वांची विनवणी. माझे एकट्याचे भले कर, असे त्यात कोणी म्हणत नाही. गावातील लहानथोरांचे, पाहुण्यांचे आणि दर्यावर गेलेल्या लेकरांचे रक्षण कर, असे तो एकेक मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेला समुदाय एका स्वरात "व्हय म्हाराजा!" असे म्हणतो. त्या दोन शब्दांत शेकडो कुटुंबांची काळजी आणि आशा एकवटलेली असते. कारण उद्या पहाटे ज्या होड्या निघणार, त्यांत कोणाचा बाप असतो, तर कोणाचा भाऊ.

सण पौर्णिमेलाच का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पौर्णिमेला व अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकत्र झाल्यामुळे त्या सुमारास भरती फार मोठी येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात. मच्छीमाराला घड्याळ नसले तरी चालते, पण तिथी चुकून चालत नाही. ज्या दिवशी सागर काठोकाठ भरून येतो, त्याच दिवशी त्याचे पूजन करावे, हे किती योग्य आहे!

पूजा आटोपली की मुलांची खरी मौज सुरू होते. ती म्हणजे नारळ लढवण्याची. एकाने मुठीत नारळ घट्ट धरावा आणि दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटावा; ज्याचा फुटेल तो हरला, आणि त्याचा नारळ जिंकणाऱ्याचा झाला. नारळाची निवड करताना मुले तो कानाशी धरून हलवतात, बोटाने वाजवतात आणि मोठ्या जाणकाराप्रमाणे मान डोलावतात. अलीकडे स्त्रियांसाठीही या खेळाच्या स्पर्धा भरतात. हरलेल्यालाही फारसे दुःख होत नाही, कारण घरी नारळीभात सर्वांचीच वाट पाहत असतो.

नारळी पौर्णिमेनंतर पंधरवडा सरतो न सरतो तोच गणपतीचे वेध लागतात. मूर्ती जेथे घडवतात, त्या जागेला या भागात गणपतीची शाळा म्हणतात. प्रत्येक कुटुंब आपला लाकडी पाट आधीच तेथे नेऊन देते आणि मूर्तिकार त्याच पाटावर त्या घरची मातीची मूर्ती घडवतो. शाळा सुटल्यावर मुले तेथे डोकावतात, आपला पाट शोधतात आणि मूर्तीचे डोळे कधी रेखणार, म्हणून मूर्तिकाराला भंडावून सोडतात. मुंबईस कामधंद्यासाठी गेलेले चाकरमानी या सणाला घरी येतात. पूर्वी त्यांना घाटातल्या वाटांनी मोठा प्रवास करावा लागे, कारण पावसाळ्यात बोटी बंद असत. 1998 मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि तो प्रवास सोपा झाला. मालवणास रेल्वेचे स्थानक नाही. कुडाळ किंवा कणकवली येथे उतरून पुढे यावे लागते.

गणपतीच्या मस्तकावर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिला माटवी म्हणतात. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, तेरड्याची फुले आणि रानातील लाल-पिवळी फळे तिला बांधतात. ही रानफळे गोळा करण्याचे काम मुलांचे. त्यामुळे कोणती वेल कोठे उगवते आणि कोणते फळ खाण्याजोगे नाही, ही विद्या त्यांना पुस्तकावाचून मिळते. संध्याकाळी भजनी मंडळी घराघरांतून फिरतात. या घरचे भजन आटोपून त्या घरी जाताना कोणी श्रीमंत-गरीब पाहत नाही. ज्या घरी जे असेल, ते प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यावयाचे, अशीच रीत आहे.

दिवाळीत समुद्र आरशासारखा शांत असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून मुले अभ्यंगस्नानास बसतात आणि मग नाना प्रकारच्या पोह्यांवर ताव मारतात. पाडव्याच्या दिवशी श्रीदेव रामेश्वर व श्रीदेव नारायण यांची पालखी गावातून निघते. दारोदारी रांगोळ्या काढलेल्या असतात आणि बाजारपेठ दिव्यांनी उजळते. पुढे कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक रंगते. तेथे लिहिलेले संवाद नसतात. नट पुराणातील कथा मनात धरून ऐन वेळी भाषण रचतात. स्त्रियांची कामेही परंपरेने पुरुषच करतात. मृदंगाच्या तालावर संकासुर रंगमंचावर आला की आईच्या मांडीवर पेंगणारे मूलही खडबडून जागे होते.

मालवण तालुक्यातील आचरे या गावी तर याहून विलक्षण प्रथा आहे. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, सारा गाव आपली घरे सोडून तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. तिला गावपळण म्हणतात. गुरेढोरे आणि कोंबड्याही बरोबर असतात. झावळ्यांच्या राहुट्या उभारल्या जातात, चुली शेजारी शेजारी पेटतात आणि एरवी आपापल्या कुंपणांत राहणारी माणसे एकाच आकाशाखाली झोपतात. या प्रथेमागची श्रद्धा जुनी आहे. परंतु मोठ्या वाड्यात राहणारा आणि लहान खोपटात राहणारा हे दोघेही तीन दिवस सारख्याच राहुटीत राहतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सणांच्या या माळेत एक उत्सव असा आहे की, ज्याला पंचांगात तिथी नाही. तो म्हणजे रापण. लांबलचक जाळे होडीत घालून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि तालावर दोर ओढला जातो. रापणीत अनेक कुटुंबांचा वाटा असतो. बांगडे, तारली असे जे काही जाळ्यात येईल, त्याची वाटणी ठरलेल्या रीतीने होते, आणि दोराला हात लावणारा वाटसरूही रिकाम्या हाताने परत जात नाही.

परंतु आता रापणीचे जाळे पूर्वीसारखे जड लागत नाही, असे वृद्ध मच्छीमार सांगतात. यंत्राच्या मोठ्या नौका पर्ससीन नावाच्या प्रचंड जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे एका वेळी वेढू लागल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने या जाळ्यांवर निर्बंध घातले. तथापि केवळ नियम करून समुद्र वाचत नाही. तो पाळणारी माणसे लागतात. यंत्राच्या नौकेवर राबणाऱ्यालाही घरसंसार आहे, हेही आपण विसरू नये. पण सर्वांनी मिळून सागर रिता केला, तर लहान नौका आणि मोठी नौका या दोन्ही वाळूवरच पडून राहतील.

जे मच्छीमारांना लागू, ते आपणांसही लागू आहे. मातीची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती लवकर विरघळत नाही आणि ओहोटीला तिचे भग्न अवयव किनाऱ्यावर पडलेले दिसतात. जत्रेत टाकलेली प्लास्टिकची पिशवी ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. ज्या सागराला आपण एका हाताने नारळ अर्पण करतो, त्याच्या पदरात दुसऱ्या हाताने कचरा टाकणे, ही कसली पूजा?

फाल्गुनात शिमगा येतो, होळीभोवती गाव नाचतो, आणि पाहता पाहता वैशाख सरून वारे पुन्हा दिशा बदलतात. होड्या वाळूवर येतात. वर्षाचे चक्र पूर्ण होते. हे सारे उत्सव आनंदाचे आहेत, यात शंका नाही. परंतु त्या आनंदाच्या मुळाशी दोन शहाण्या गोष्टी आहेत. एक, थांबावे केव्हा हे जाणणे. आणि दुसरी, मिळालेले वाटून घेणे. सागर अफाट आहे, तरीही त्याच्या काठावरची माणसे शतकानुशतके या दोन गोष्टी जपत आली. पुढे त्या जपण्याचे काम ज्यांच्याकडे येणार आहे, ती आज नारळ कानाशी धरून वाजवून पाहणारी मुलेच आहेत.

स्वाध्याय

1. पावसाळ्यात मासेमारी थांबवण्याची दोन कारणे तुमच्या शब्दांत सांगा.
2. उधाणाची भरती व भांगाची भरती यांतील फरक स्पष्ट करा.
3. 'गाऱ्हाण्यात कोणी एकट्यासाठी मागत नाही.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे लिहा.
4. रापण आणि गावपळण यांत तुम्हांला कोणते साम्य दिसते?
5. तुमच्या गावातील एखादा सण तेथील शेती, नदी, डोंगर किंवा समुद्र यांच्याशी कसा जोडलेला आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.