शेंगाचटणी सोडू नकोस

पुणे

चि. ओंकार,


काल तुझ्या आईचा फोन आला. तू जिमला जायला लागलास, पहाटे कुणी न उठवता उठतोस, हे सांगताना ती खूश होती. पण मग खरं दुखणं बाहेर आलं. शेंगाचटणी बंद, भाकरीवर तूप नाही, भाजी तेलाशिवाय उकडलेली आणि अंड्यांचा पिवळा बलक रोज वाटीत काढून ठेवलेला. जिममधल्या कुणा दादाने ‘फॅट झीरो केलंस की बॉडी लीन होईल’ असं सांगितलं म्हणे. आहारशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा या बाबतीत माझं थोडं ऐक.

आधी आकडा सांगते, म्हणजे घोळ राहणार नाही. तुझं वजन ६२ किलो. व्यायाम धरून तुला रोज साधारण २४०० कॅलरी लागत असतील. स्नायू वाढवायचे तर त्यावर तीनेकशे हव्यात, म्हणजे २७००. त्यातल्या वीस ते तीस टक्के स्निग्धातून याव्यात. एका ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी असतात, म्हणून तुझा हिशोब ६० ते ९० ग्रॅमचा होतो. तू ७० ते ७५च्या आसपास राहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादाही एकूण कॅलरीच्या तीस टक्क्यांचीच आहे.

शून्य का नको? स्नायू स्निग्धाने वाढत नाहीत, हे खरं आहे. ते वाढतात वजनं उचलून, प्रथिनं खाऊन आणि झोपून. पण काही स्निग्धाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध हवंच. शिवाय ज्या टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर तुम्हा मुलांचे स्नायू भरतात, ते शरीर कोलेस्टेरॉलपासूनच तयार करतं. आहारातलं स्निग्ध चाळीस टक्क्यांवरून वीसवर आणलेल्या पुरुषांमध्ये हे संप्रेरक थोडं घटलेलं आढळलं आहे. याचा अर्थ तुपाचा डबा रिकामा केला की ते वाढेल असा नाही. गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं स्निग्ध अंगावर साठवायला शरीराला फारसे कष्ट पडत नाहीत, आणि ते साठतं पोटावर.

आता तुझ्या ताटाकडे येऊ. चटणी कांडताना आजी उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ घालायची. थोड्या वेळाने कोरडी भरड ओलसर व्हायची आणि मुसळाला तेल लागायचं. वरून थेंबही न घालता सुटलेलं ते तेल दाण्यातलंच. शंभर ग्रॅम दाण्यांत ४८-४९ ग्रॅम तेल असतं आणि २५ ग्रॅम प्रथिनं. यातून दोन गोष्टी लक्षात घे. चटणी वाईट नाही, दोन चमच्यांत फार तर आठ-नऊ ग्रॅम स्निग्ध जाईल, ते खुशाल खा. पण ‘दाण्यांत प्रोटीन असतं’ म्हणून मूठमूठ दाणे खाणारी मुलंही जिममध्ये असतात, त्यांच्या मागे जाऊ नकोस. रोजची शंभर ग्रॅम प्रथिनं नुसत्या दाण्यांतून मिळवायची तर चारशे ग्रॅम दाणे खावे लागतील, आणि त्याबरोबर पावणेदोनशेहून जास्त ग्रॅम तेल. दाणा मुळात तेलबी आहे, त्याला तसंच वागव.

दिवसभराचा हिशोब असा मांड: तीन अख्खी अंडी म्हणजे १५ ग्रॅम स्निग्ध. चटणी आणि दाण्याचं कूट मिळून मूठभर दाणे, आणखी १५. म्हशीच्या दुधाचा एक पेला १३. दोन्ही वेळच्या भाजी-आमटीत तुझ्या वाट्याचं चार चहाचे चमचे तेल, ते २०. भाकरीवर एक चमचा तूप ५. ज्वारी, डाळी, दही यांतून सहा-सात येतं. झाले की ७५! ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे जेमतेम दोन ग्रॅम स्निग्ध, म्हणून भाकरी पोटभर खा. मंगळवेढ्याची ज्वारी दारात असताना तू डब्यातले ओट्स का विकत घेतोस, हे मला कळत नाही.

बलक टाकणं तर आजच बंद कर. अंड्यातली जवळजवळ निम्मी प्रथिनं बलकात असतात, आणि अ, ड जीवनसत्त्वं तर सगळीच तिथे. त्यासाठी आई पैसे मोजते.

घरात खरा चोर तेलाचा डबा असतो. पाच लिटरच्या डब्यात साडेचार किलो तेल असतं. तुम्ही चौघं. डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय. मी तुझ्यासाठी वर धरलेल्या वीस ग्रॅमने चालवलात तर तो दोन महिन्यांच्या थोडा अलीकडे संपेल. डब्यावर तारीख लिहून ठेव, वेगळं काही मोजावं लागणार नाही. तेल कुठलं, हे आईने विचारलं होतं. आपल्याकडच्या कोरडवाहू रानात करडई पिकते, तिच्यावर संशोधन करणारं केंद्र सोलापुरातच आहे. एक डबा करडईचा, पुढचा शेंगदाण्याचा, असं आलटून पालटून वापरा. दोन्हींत ओमेगा-३ नाही, म्हणून जवसाची चटणी आठवड्यातून तीन-चारदा ताटात असू दे.

तुझे बाबा म्हणतील, पैलवान नाही का शेरभर तूप आणि बदामाची थंडाई पचवत? पचवतात, कारण त्यांचा दिवस पहाटेच्या जोर-बैठकांनी सुरू होतो आणि संध्याकाळी ते पुन्हा मातीत उतरतात. तू तासभर डंबेल उचलून दिवसभर लॅपटॉपपुढे बसतोस. त्यांचा खुराक त्यांच्या मेहनतीसाठी आहे. साय, तूप, लोणी यांतलं संपृक्त स्निग्ध तुला दिवसाला ३० ग्रॅमच्या आत ठेवायचं आहे. वर सांगितलेल्या जेवणात ते बावीस-तेवीस होतं. दुधाचा दुसरा पेला हवा तर गाईचं घे.

भज्यांच्या गाड्यावरचं पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि बेकरीतली खारी मात्र सोड. २०२२पासून तेलात आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, तरी गाड्यावरच्या वारंवार तापवलेल्या तेलावर फारशी कुणाची नजर नसते. आणि व्यायामाच्या आधी दोन तास तळकट काही नको, ते पोटात रेंगाळतं.

प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी तू पैसे मागितलेस असं कळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत अशा पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. तेच पैसे अंडी, दही आणि डाळींवर घाल. आजोबांना हृदयविकार होता, तेव्हा या महिन्यात एकदा उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करून घे आणि रिपोर्ट मला पाठव.

दर रविवारी सकाळी वजन आणि बेंबीपाशी कमर मोज. महिन्याला वजन किलोभर वाढलं आणि कमर तिथेच राहिली तर जेवण बरोबर चाललंय. कमरही वाढू लागली तर अंडी कमी न करता आधी तेल दोन चमच्यांवर आण, मग तूप बंद कर. वजन हललंच नाही तर एक भाकरी वाढव. दोन महिन्यांचे आकडे वहीत लिहून ठेव, दिवाळीला मी येईन तेव्हा बघू.

तुझी,
मावशी