मधल्या फळीतला गडी

आषाढात भाताची लावणी चालते, ती डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला राबातून रोपे उपटून मुठी बांधणारी माणसे असतात. दुसऱ्या अंगाला ओळीने वाकून लावणी करणारी माणसे असतात. या दोघांच्या मध्ये एक गडी असतो. तो मुठी उचलतो, चिखल तुडवीत जातो आणि ज्याच्या हातची रोपे संपत आली त्याच्यापाशी मूठ टाकतो. संध्याकाळी लोक विचारतात, लावणी किती झाली? त्या गड्याने किती फेऱ्या मारल्या, हे कुणी विचारीत नाही. पण तो थांबला, की सारी ओळ थांबते.

फुटबॉलच्या खेळातही असाच एक गडी असतो. आज त्याचीच माहिती घेऊ.

फुटबॉलमध्ये दोन संघ असतात. प्रत्येक संघात 11 खेळाडू असतात. खेळ 90 मिनिटे चालतो. 45 मिनिटांनी विश्रांती मिळते. एक खेळाडू गोल राखतो, त्याला गोलरक्षक म्हणतात. त्याच्या पुढे बचावाची फळी असते. अगदी पुढे गोल मारणारी आघाडीची फळी असते. या दोन फळ्यांच्या मध्ये असते ती मधली फळी. समोरच्या संघाकडून चेंडू काढून घ्यायचा, तो पुढच्या गड्याला नेमका द्यायचा, आणि संकट आले की मागे धावत यायचे, हे तिचे काम. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. कर्जतहून नेरळच्या वाटेला लागलात, तर भिवपुरी रोड मागे टाकून पुढे जाल, एवढे हे अंतर झाले. तेही दीड तासात आणि पायाशी चेंडू सांभाळून!

आपल्या शेजारच्या गोव्यात असा एक खेळाडू झाला. त्याचे नाव क्लायमॅक्स लॉरेन्स. जन्म 1979 सालचा. गोव्यात फुटबॉलचे वेड मोठे. आपल्याकडे भात कापून झाले, की मोकळ्या खाचरात पोरे कबड्डीचे मैदान आखतात. तिकडे पोरे चेंडू आणतात. खाणीच्या धंद्यातल्या मोठ्या घराण्यांनी तिथे फुटबॉलचे संघ चालविले. साळगावकर आणि धेंपो हे त्यांतले नामांकित संघ. लॉरेन्स साळगावकर संघाकडून खेळले. कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघाकडूनही खेळले. पण त्यांची उमेदीची वर्षे गेली ती धेंपो संघात. 2004-05 ते 2011-12 या काळात धेंपो संघ पाच वेळा देशात पहिला आला.

भारताच्या संघातही ते सुमारे दहा वर्षे होते. 2007 आणि 2009 साली भारताने नेहरू चषक जिंकला, तेव्हा ते संघात होते. काही सामन्यांत त्यांनी संघाचे नेतृत्वही केले.

त्यांच्या खेळातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. साल 2008. हैदराबादला आशियातल्या काही देशांची स्पर्धा होती. ती जिंकणाऱ्याला आशिया चषकाच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. भारत त्या मोठ्या स्पर्धेत 1984 नंतर गेलाच नव्हता. 30 जुलैला पहिला सामना अफगाणिस्तानशी झाला. 90 मिनिटे संपली, तरी कुणाचाच गोल नाही. वाया गेलेल्या वेळेपोटी थोडी जादा मिनिटे देतात, ती चालू होती. लोक म्हणत असतील, आता बरोबरीच होणार. तेवढ्यात लॉरेन्स यांनी गोल केला. भारत जिंकला!

पुढे 13 ऑगस्टला दिल्लीत अंतिम सामना झाला. भारताने ताजिकिस्तानला 4-1 असे हरविले. त्यात सुनील छेत्री यांनी तीन आणि बायचुंग भुतिया यांनी एक गोल केला. नाव त्यांचे झाले, आणि ते योग्यच झाले. पण पहिल्याच सामन्याचा तो गोल मधल्या फळीतून आला होता, हे विसरू नये. 2011 साली भारत 27 वर्षांनी आशिया चषकात खेळला. कतार देशात तिन्ही सामने आपण हरलो, हेही खरे. तरी तिथवर पोचणे लहान गोष्ट नव्हती. 2012 साली लॉरेन्स भारताच्या संघातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय 33 वर्षे होते.

आता तुम्ही विचाराल, गुरुजी, खेळून पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे. पूर्वी आपल्या देशात खेळाडूला रेल्वेत, पोलिसांत किंवा कंपनीत नोकरी देत. पगार नोकरीचा असे, खेळ तिच्या जोडीला. पुढे खेळाबद्दलच पैसे मिळू लागले. अशा खेळाडूला व्यावसायिक खेळाडू म्हणतात.

हा बदल दुसऱ्या देशांतही सहज झाला नाही. स्वीडन नावाचा थंड देश आहे. तिथे निल्स लीडहोल्म हे मधल्या फळीचे मोठे खेळाडू होऊन गेले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते! 1949 साली लीडहोल्म पगारावर खेळायला इटलीत मिलान शहरी गेले. पैसे घेऊन खेळतो म्हणून त्यांना स्वीडनच्या संघात जागा मिळेना. बऱ्याच वर्षांनी तो नियम सुटला. 1958 साली ते 35 वर्षांचे असताना स्वीडनचे कर्णधार झाले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्यांनीच केला. सामना मात्र ब्राझीलने जिंकला. खेळणे थांबल्यावर ते नामवंत शिक्षक झाले आणि इतरांना खेळ शिकवू लागले.

यावरून काय दिसते? खेळाडूची कमाई पंधरा-वीस वर्षांची. शेतकरी साठीतही नांगर धरतो. खेळाडूचे पाय पस्तिशीत थकतात. गुडघा दुखावला तर त्याहूनही आधी सारे संपते. म्हणून शहाणा खेळाडू दोन गोष्टी सांभाळतो. एक, शिक्षण पुरे करतो. दुसरी, करार नीट वाचतो. किती वर्षे खेळायचे, पगार किती, दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा, हे सारे करारात लिहिलेले असते. न वाचता सही करणारा फसतो.

आम्ही हे मुद्दाम सांगतो. वीटभट्टीची उचल घेताना, जमिनीचा कागद करताना आपणही सहीच करतो. पूर्वी अंगठा उठवीत होतो, तेव्हा दुसरा सांगेल तेच खरे मानावे लागे. आता तुम्हांला अक्षरे आली आहेत. कागद हातात घ्या. सावकाश वाचा. समजले नाही ते विचारा. मगच सही करा.

आणि घरातले पोरगे खेळायला निघाले, तर त्याला नुसते रागावू नका. कोणत्या जागी खेळतोस, असे विचारा. तो मधल्या फळीत असेल, तर गोल किती केलेस एवढेच विचारू नका. दुसऱ्याला चेंडू किती वेळा नेऊन दिलास, तेही विचारा. शाळा चुकवलीस काय, हेही विचाराच!

शब्दांचे अर्थ
फळी – खेळाडूंची रांग
करार – दोघांनी मिळून लिहून ठेवलेल्या अटी
निवृत्त होणे – काम सोडून विश्रांती घेणे

प्रश्न
1. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम कोणते?
2. 30 जुलै 2008 च्या सामन्यात काय घडले?
3. खेळाडूच्या करारात कोणत्या गोष्टी असतात?
4. तुम्ही शेवटी कोणत्या कागदावर सही केली? त्यात काय लिहिले होते, ते चार ओळींत लिहा.