जीपची ताकद आणि जीपचा वेग

पहारीने दगड उलटताना तुम्ही काय करता? पहार शेवटाला धरता. हात दोन फूट खाली येतो, तेव्हा दगड दोन बोटे वर उठतो. हात पुष्कळ हलला, दगड थोडा हलला. पण जो दगड एकट्याने हलत नव्हता, तो हलला. ताकद मिळाली, चाल गेली. ही देवाणघेवाण सगळ्या यंत्रांत असते. जीपगाडीतही असते. ती कशी, ते या पाठात पाहू.

एका डोंगरी गावात एक जीपवाला होता. बाजारच्या दिवशी तो माल नेई. अडीनडीला आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवी. पावसाळ्यात रस्त्याला खोल चाकोऱ्या पडत आणि गाडीचे पोट जमिनीला घासे. म्हणून त्याने २८ इंच उंचीची चाके काढून ३१ इंच उंचीची बसवली. गाडीचे पोट दीड इंच वर आले. जीपवाला खूश झाला.

पण घाटात गाडी दम टाकू लागली. पूर्वी जिथे दुसरा गिअर पुरे, तिथे आता पहिला घालावा लागे. क्लचचा जळका वास येऊ लागला. तो गाडी घेऊन जुन्या मिस्त्रीकडे गेला.

"काका, इंजिन म्हातारं झालं का?"

"इंजिन आहे तसंच आहे, बाबा. तू चाक मोठं केलंस, पण हिशोब केला नाहीस."

कोणता हिशोब? आधी गाडीच्या पोटाखाली पाहू. इंजिनाची शक्ती एका लांब दांड्यातून मागे येते. तो दांडा फिरतो. त्याला शाफ्ट म्हणतात. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा दिसतो. शाफ्ट त्या गोळ्यात शिरतो. या गोळ्यात डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावे लागते, आतल्याला कमी. डिफरन्शियलमुळे दोघांना आपापल्या चालीने फिरता येते.

याच गोळ्यात दोन मुख्य दातेरी चाके असतात. शाफ्टाच्या टोकाला लहान चाक, ते पिनियन. त्याला लागून मोठे चाक, ते क्राऊन. समजा, पिनियनला ८ दाते आहेत आणि क्राऊनला ३९. मग शाफ्टाचे ३९ फेरे होतात, तेव्हा गाडीच्या चाकांचे ८ फेरे होतात. ३९ ला ८ ने भागा. उत्तर ४.८८ च्या जवळ येते. याला गिअरचे प्रमाण म्हणतात. मिस्त्री त्यालाच रेशो म्हणतात.

प्रमाण मोठे, तर ताकद जास्त आणि वेग कमी. प्रमाण लहान, तर वेग जास्त आणि ताकद कमी. पहारीचाच न्याय.

दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने लष्करासाठी जीप बनवली. तिचे प्रमाण ४.८८ होते. १९४५ साली त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी आणि इतर लोकांसाठी जीप काढली. तिला शेतात नांगर ओढायचा होता. म्हणून तिच्या क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८ दाते दिले. प्रमाण झाले ५.३८. पळ थोडी कमी झाली, ओढ वाढली.

आता जीपवाल्याचा हिशोब करू. २८ इंच उंचीचे चाक एका फेऱ्यात ८८ इंच जाते. ८ फेऱ्यांत ७०४ इंच जाते. तेवढ्यात शाफ्टाचे ३९ फेरे होतात. म्हणजे शाफ्टाच्या एका फेऱ्याला गाडी सुमारे १८ इंच पुढे जाते.

३१ इंच उंचीचे चाक एका फेऱ्यात सुमारे ९७ इंच जाते. तोच हिशोब केला, तर शाफ्टाच्या एका फेऱ्याला गाडी सुमारे २० इंच पुढे जाते. बैलाने १८ इंचांऐवजी २० इंचांचे पाऊल टाकावे, तसे हे झाले. पाऊल लांबले आणि ओढ सुमारे एक दशांशाने घटली. शिवाय वेगाचा काटाही खोटे बोलू लागला. काटा ५० दाखवी, तेव्हा गाडी सुमारे ५५ च्या वेगाने पळत असे.

यावर उपाय काय? जुनी क्राऊन-पिनियन काढून ४३ आणि ८ दात्यांची बसवायची. मग ३१ इंची चाकानेही पाऊल पुन्हा १८ इंचांवर येते. ओढ परत येते. काटाही खरे बोलतो.

हिशोबाचा सोपा नियम असा. जुन्या प्रमाणाला नव्या चाकाच्या उंचीने गुणा आणि जुन्या चाकाच्या उंचीने भागा. ४.८८ गुणिले ३१ भागिले २८. उत्तर येते ५.४०. त्याच्या जवळचे मिळणारे प्रमाण ५.३८. तेच घ्यावे.

मिस्त्रीने हे सारे समजावले आणि म्हणाला, "पुढचा गोळा आणि मागचा गोळा, दोन्हीकडे बदल करावा लागेल."

"काका, सध्या हात आखडलाय. मागचा तेवढा बदला. पुढचा दिवाळीनंतर बघू."

"बघ बाबा, पुढची चाकं जोडलीस तर चारही चाकं एकाच वेळी ओढतात. मागचा गोळा १८ इंचांचं पाऊल टाकील, पुढचा २० इंचांचं. एका जुवाला लांब पावलाचा बैल आणि आखूड पावलाचा बैल जुंपलास, तर जू मोडेल. तोवर पुढची चाकं जोडू नकोस."

जीपवाला हो म्हणाला. श्रावणात एका रात्री गावची एक बाई अडली. तिला घेऊन तो निघाला. ओढ्याजवळ चिखलात गाडी रुतली. त्याने पुढची चाके जोडली आणि गाडी निघाली. चिखलात चाके घसरतात, म्हणून पावलांतला फरक निभावून गेला. पुढे डांबरी सडक लागली. तिथे चाक घसरत नाही. घाईत जोड सोडायची राहून गेली. गाडी जड झाली. कळ ओढून पाहिली, ती निघेना. थोड्याच वेळात कडकड आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. पुढची-मागची चाके जोडणाऱ्या पेटीतले दाते तुटले होते. लोकांनी त्या बाईला झोळीत घालून दोन कोस नेले. बाई आणि बाळ दोन्ही वाचली. पण जीपवाला त्या रात्री झोपला नाही. पुढच्या गोळ्याचे पैसे वाचवले होते, त्याहून जास्त त्या पेटीवर गेले.

आपल्या गाडीचे प्रमाण किती, हे गोळा न उघडता मोजता येते. सपाट जागी गाडी उभी करा. पुढच्या चाकांचा जोड सोडलेला असावा. मागचे एकच चाक जॅकने उचला आणि त्या बाजूला भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. इंजिन बंद ठेवा. गिअर मोकळा ठेवा आणि हातब्रेक सोडा. चाकावर आणि शाफ्टावर खडूने खूण करा. आता उचललेले चाक हाताने बरोबर २ फेरे फिरवा. दुसऱ्या माणसाने बाजूला बसून शाफ्टाचे फेरे मोजावे. पाचला थोडे कमी आले, तर ३९ आणि ८. सव्वापाच आणि साडेपाच यांच्या मध्ये आले, तर ४३ आणि ८. पुढचा गोळाही असाच मोजावा. जुनी जीप विकत घेताना हे जरूर करावे. आधीच्या मालकाने एकच गोळा बदललेला असू शकतो.

बदलण्याचे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. आपण फक्त चार गोष्टी पाहाव्या.

१. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते. नवी क्राऊन आणि जुनी पिनियन असे करू नये.

२. दातादातांत थोडी मोकळीक लागते. ती इंचाच्या हजारांश भागांत मोजतात. मिस्त्री पातळ चकत्या घालून ती जुळवतो. नंतर दात्यांना रंग लावून फिरवतो. रंग दात्याच्या मधोमध पुसला गेला पाहिजे. जो मिस्त्री माप घेत नाही आणि रंग लावत नाही, त्याला काम देऊ नये.

३. गोळ्यात कंपनीने सांगितलेलेच गिअरचे तेल घालावे. इंजिनाचे तेल घालू नये.

४. पहिले काहीशे किलोमीटर ओझे घालू नये. सुमारे ८०० किलोमीटर झाल्यावर तेल बदलावे.

आणखी एक. चाके जुनीच ठेवून नुसते प्रमाण वाढवले, तर चढ सोपा होतो. पण सडकेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते आणि इंधन जास्त लागते. मोठी चाके किंवा असा दुसरा बदल करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे. कारण कंपनीने ठरवलेल्या गोष्टींत बदल करण्यावर कायद्याची बंधने आहेत.

जीपवाल्याने पुढचा गोळाही बदलला. आज त्याच्या गाडीत समोरच एक ओळ लिहिलेली आहे. ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे: हिशोब आधी, पाना नंतर.

नवे शब्द
शाफ्ट – फिरणारा लांब दांडा
पिनियन – लहान दातेरी चाक
क्राऊन – मोठे दातेरी चाक
प्रमाण – क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारा आकडा

प्रश्न
१. क्राऊनला ४० दाते आणि पिनियनला १० दाते असतील, तर प्रमाण किती?
२. चिखलात न मोडलेली पेटी डांबरी सडकेवर का मोडली?
३. तुमच्या शेतात किंवा घरात ताकद देणारी पण चाल घेणारी आणखी कोणती साधने आहेत? दोन नावे लिहा.