मूत्रकृच्छ्र आणि मूत्राघात : व्यवच्छेदक निदान

मूत्रवह स्रोतसाच्या विकारांत मूत्रकृच्छ्र व मूत्राघात यांचा व्यवच्छेद प्रथम करावा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ व मूत्रकृच्छ्राचे ८ प्रकार स्वतंत्र अध्यायांत वर्णिले आहेत. माधवनिदानावरील मधुकोश टीकेनुसार मूत्रकृच्छ्रात कष्ट अधिक व विबंध अल्प असतो, तर मूत्राघातात विबंध बलवान असतो. तथापि अकस्मात अवरोधात वेदनाही तीव्र असते. म्हणून विबंधाकडेच मुख्य लक्ष द्यावे.

हा भेद चिकित्सेत निर्णायक ठरतो. पित्तज मूत्रकृच्छ्रात दाह व वारंवार अल्प मूत्रप्रवृत्ती असता गोक्षुर, उशीर, तृणपंचमूळ ही शीत व मूत्रल द्रव्ये योजतात. परंतु मूत्र पूर्ण अडून ओटीपोट फुगले असता मूत्रल औषध देऊ नये. मार्ग बंद असताना मूत्रनिर्मिती वाढल्यास बस्तीवरील ताण वाढतो. अशा रुग्णास नलिकेने मूत्र काढण्यासाठी तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वृद्ध पुरुषात थेंबथेंब मूत्र गळणे हेही भरलेल्या बस्तीचे लक्षण असू शकते. तेथे नाभीखाली स्पर्शन व आकोठन परीक्षा करावी.

औषधालयचालकांनीही औषध देण्यापूर्वी ‘शेवटची लघवी कधी व किती झाली?’ हे अवश्य विचारावे. थंडी वाजून ताप, कुक्षिशूल वा सरक्त मूत्र असल्यास रुग्णास प्रथम वैद्याकडे पाठवावे.